निळी काच

तिसऱ्या रेल्वे गेटापाशी रिक्षावाल्याला सापडले अप्पा,
पहाटे साडेचारला, एकाच पायात चप्पल.
"शिफ्टला निघालोय की," म्हणाले म्हणे त्याला.
उद्यमबागेतली ती फौंड्री भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली.
शर्टाच्या खिशात निळी काच होती,
कुपोलाच्या भोकातून आतली आग बघायची.
तीच डोळ्याला लावून त्यांनी मला पाहिलं, फाटक उघडताना.
"कोण गे तू?"

मी रक्त तपासते, टिळकवाडीतल्या लॅबमध्ये, बावीस वर्षं.
म्हणून डॉक्टरांनी मला जरा जास्त सांगितलं,
औषधाच्या चिठ्ठीमागे पेशी काढून:
हिच्या पोटात बारक्या भट्ट्या. मायटोकॉन्ड्रिया.
साखर जाळतात, श्वासातला प्राणवायू ओढतात,
त्या आचेवर नाव आठवतं, घास गिळला जातो.
जळताना थोडा प्राणवायू निसटतो, अर्धवट, पिसाळलेला,
आणि भट्टीचीच वीट खातो.
वीट खाल्ली की आणखी निसटतो.

अप्पांना हे ठाऊक होतं.
दहा वर्षांची मी, डबा घेऊन गेले होते,
भोकाला डोळा लावूनच ते बोलले:
"वारा कमी, तर लोखंड गारठतंय.
वारा जादा, तर लोखंडच जळतंय.
आणि अस्तर खाल्लं ना एकदा आगीनं,
बाहेरनं कळत नाही बग. भट्टी उभीच दिसती."

उभेच दिसतात.
दाढी करतात. पेपर उलटा का होईना, धरतात.
मंगळवारी 'चमचा' गेला,
त्याच आठवड्यात आईचं मरण गेलं;
ती कुठाय विचारतात, आणि मी रोज नवी बातमी देते
किंवा देत नाही.

आधी काय, मी विचारलं होतं, मेंदूतला तो गाळ की भट्टीची गळती?
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
म्हणाले, अजून भांडण आहे त्यावर.
ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी काही होत नाही, असंही म्हणाले.
मी तरी आणल्या.
अप्पांनी त्या तुळशीत पेरल्या, रोज तांब्याभर पाणी घालतात.

आणि आता मराठी गळायला लागली.
एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधणारा हा माणूस,
दुकानाच्या पाटीवरून बाजारात भांडलेला,
रात्री उठून बसतो, ओठांची फुंकणी करतो:
"अव्वा, बेंकी आरतद."
आई, विस्तव विझतोय.

अव्वा म्हणजे नेसरगीची गंगव्वा.
लग्नात पार्वती झाली,
बोली माहेरीच ठेवून आली, असं आम्हाला सांगितलेलं.
कधी बोलली असेल ती यांच्याशी?
घरात कोणी नसताना, चुलीपुढे, हळू?

चिठ्ठीच्या कडेला डॉक्टरांनी जाता जाता एक रेघ ओढली होती:
या भट्ट्या बापाकडून येत नाहीत.
आईकडून फक्त, तिच्या आईकडून,
शेजारणीकडून खापरात निखारा आणावा तशा.
म्हणजे अप्पांच्या डोक्यात धुमसतेय ती गंगव्वाची आग,
आणि ती माझ्यात नाही.
खानापूरच्या शेवंता आत्यात आहे, तिच्या तिन्ही मुलींत आहे,
जिच्याशी दीड एकरावरून अप्पा नऊ वर्षं बोलले नव्हते.
भांडणही गेलंच आहे चमच्याबरोबर.
मी फोन केला.

रविवारी दुपारच्या बसने आली आत्या,
पिशवीत भाताच्या लोंब्या, कशाला कोण जाणे.
चप्पल न काढता समोर बसली.
"अण्णा, ऊटा आत?"
जेवलास काय, एवढंच. मला वाटलं होतं ती रडेल.

अप्पांनी खिसा चाचपला.
निळी काच डोळ्याला लावली, तिच्या तोंडाकडे बघत राहिले,
रस ओतायच्या आधी रंग बघावा तसं.
बाहेर रेल्वे गेली. कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही.

"अजून लाल आहे," म्हणाले, चक्क मराठीत.
"थांबा जरा.
वारा वाढवू नका."